नहाणाची साखर

चिमूर,
१० मार्च १९५७

सौ. गुणाबाईस लटारूभाऊचे आशीर्वाद.

इकडे सारे बरे. मोहाची फुलं पडायला लागली, त्यामुळे बांबू तोडायला माणूस मिळत नाई. सारे टोपल्या घेऊन झाडाखाली. गाडीवान होतो तेव्हा मीही तेच करत होतो, म्हणून आता लाकडाच्या डेपोचा मालक झालो तरी कोणाला बोलत नाई.

कमळीच्या लग्नाच्या साडीचा रंग तू विचारला. सांगतो. आधी दुसरं.

आरा सुरू असला तरी मले आऱ्यापलीकडचं ऐकू येते, तुले माहीतच आहे. परवा विहिरीवर सुकलूची बायको म्हणत होती, "कमळीच्या नहाणाची साखर खाल्ली बाई, पण पोरगी कधी बाहेर बसलेली दिसली नाई." दुसरी हसली.

पोरगी शहाणी झाली म्हणून वाटलेली ती साखर तुझ्याकडेही आली होती.

मुखरू, भाच्या अन् होणाऱ्या जावया, तुझ्या मायले वाचता येत नाई, माझी पत्रं तूच मोठ्यानं वाचतो. आता थांब. पुढचं मनात वाच.

ती साखर खोटी होती. पोरगी सतराची झाली, बाया विचारू लागल्या, तशी तुझ्या मामीनं वाटून टाकली. मले वाटलं, उशिरा का होईना, येईल नहाण. आलं नाई. मागल्या महिन्यात नागपूरला डॉक्टरीणबाईकडे नेलं. कमळीले जन्मापासून गर्भाशय नाई. बाईच्या पोटात बीजाच्या गाठी असतात, त्या जागी हिच्या गाठी पुरुषाच्या जातीच्या आहेत.

"मंग माही पोरगी कोण आहे?" मी विचारलं.

"तुमची पोरगीच," बाई म्हणाल्या. "होती, आहे, राहील. मूल मात्र होणार नाही."

परतताना मोटारीत तुझी मामी म्हणाली, "लगन लागू द्या. मंग देवाची मर्जी म्हणू." मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच. कमळी खिडकीकडे तोंड करून होती. म्हणाली, "बाबा, बैल विकताना त्याची खोड सांगता, अन् माह्या वेळी काऊन गप? मुखरूले सांगा. गावाले नाई."

म्हणून लिहिलं. तू नाई म्हणाला तरी मी तुझा मामाच. हो म्हणणार असशील तर कीव करून म्हणू नको. तिचे कान माझ्यावर गेले आहेत, तिले लगेच कळेल.

माय बाजूला बसून विचारत असेल, पुढं काय लिहिलं म्हणून. तिले किती सांगायचं ते तू ठरव. आता मोठ्यानं वाच:

गुणाबाई, साडीचा रंग मुखरूलेच विचार.

वाट पाहणारा,
कमळीचा बाप