चिंचेखालून दिलेला शब्द

प्रिय अल्पेशदादा,

पाकीट बघून हसशील. फोन असताना हिला हे काय खूळ, असं जागृतीवहिनीला म्हणशीलही. पण फोनवर मी 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळी होते, तोंडाला सवयच लागलीय. त्या सवयीबद्दलच लिहायचंय. आणि तू नि बाबा एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नाही, त्याबद्दलही.

आधी बातमी. मागच्या गुरुवारी उतरताना आमच्या विमानाचं एक चाक अडकलं. घाबरू नकोस, एकशे अडुसष्ट माणसं सुखरूप उतरली आणि मीही धडधाकट आहे. दुपारची वेळ, हवा स्वच्छ. विमान कॅप्टन चालवत होते, मी शेजारी. चाकं सोडायचा दांडा खाली करायचा आणि समोरचे तीन हिरवे दिवे बघून तसं सांगायचं, हे माझं काम. तीन जागच्या चाकांचे तीन दिवे. मी दांडा खाली केला आणि म्हटलं, तीन हिरवे. कॅप्टन म्हणाले, कल्पिता, परत बघ. दोनच हिरवे होते. डावीकडचा लाल होता.

मी बघितलंच नव्हतं रे. रोज तीन असतात म्हणून तीन म्हटलं.

विमान पुन्हा वर घेतलं आणि अलिबागसमोर समुद्रावर फेऱ्या मारत राहिलो. मी सूचनांचं पुस्तक मोठ्याने वाचत होते, कॅप्टन एकेका ओळीला हुंकार भरत होते. मागे आमची हवाईसेविका ऋतिका लोकांना चष्मे काढायला लावत होती, डोकं गुडघ्यांकडे कसं वाकवायचं ते दाखवत होती. तिचा आवाज जराही हलला नाही. खिडकीतून मांडव्याच्या बोटीमागची पांढरी रेघ दिसत होती, पलीकडे आपली खाडी. आपलं मिठागर काही वरून ओळखू येत नाही, तिवरं माजलीत तिथे. आणि एवढ्या गडबडीत माझ्या कानात एक नऊ वर्षांची पोर सारखी ओरडत होती, बंद हाय, बंद हाय. मी पुस्तकातली ओळ वाचायची आणि खाली तिचा आवाज.

शेवटी चाकं हाताने सोडायची ठरलं. आमच्या दोघांच्या मागे खाली एक कळ असते, ती तीनदा फिरवली की चाकं आपल्याच वजनाने खाली पडतात. ती मी फिरवली. पायाखाली धाडकन आवाज झाला. मग एकेका दिव्यावर बोट टेकवून मोजले. तीन. परत मोजले. कॅप्टननी घाई केली नाही. उतरलो तेव्हा धावपट्टीच्या कडेला बंब उभे होते, त्यांना काही करावं लागलं नाही.

नंतर कॅप्टन म्हणाले, मी बघितलं नसतं तरी पुढे भोंगा वाजलाच असता, तो प्रश्न नाही. पण तू जे सांगशील ते मला डोळे मिटून खरं मानता आलं पाहिजे. अहवालात ते तूच लिही. मी लिहिलं, 'न बघता सांगितलं.' सध्या घरी बसवलंय, पुन्हा परीक्षा घेतील. त्याचं मला काही वाटत नाही. मला ती पोर झोपू देत नाही.

तुला आठवतं ना, भरतीचं पाणी मिठागरात शिरू नये म्हणून बांधातल्या उघाडीची फळी खाली दाबली की बाबा काय करायला लावायचे? पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा, फळी तळाला टेकलीय का ते चाचपायचं आणि मगच हाक मारायची. मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी चैत्री पुनवेचं उधाण होतं, फळी टाकायची पाळी तुझी. फळी दाबताना खिळ्याने तुझा पाय फाटला. तू म्हणालास, कल्पू, तेवढा हात घालून बघ, मी पाय बांधतो. मी चिंचेखाली बसले होते, नव्या परकरात. चिखलात उतरायचा कंटाळा आला. तिथूनच म्हटलं, बंद हाय. रोज बंदच असायची ना. आणि माझ्या शब्दावर तू पलीकडच्या बांधावर बाबांना हाक दिलीस.

सकाळी मिठाच्या राशी विरघळून गेल्या होत्या. फळीखाली हा एवढा दगड. बाबांनी विचारलं, हात घातला व्हतास? तू माझं नाव घेतलं नाहीस, हो म्हणालास. त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या मुस्काटात मारली, खोटारडा म्हणाले. संध्याकाळी तू मला बाजूला घेऊन विचारलंस, तेव्हा मी आईची शप्पथ घेतली. म्हणून तू आजही सांगतोस की फळी टेकली होती, दगड मागाहून वाहत आला, बापाने उगाच मारलं. फळी टेकली नव्हती, दादा. मी हातच घातला नव्हता. तू घर सोडलंस, दिघी बंदरात ट्रेलरवर लागलास, तुझ्या आरोहीच्या बारशालाही बाबांना बोलावलं नाहीस, आणि मी दर वेळी दोघांची समजूत घालत फिरले. लाज वाटते मला.

आज सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग उठून सदरा घातला, म्हणाले, चल, दिघीची बोट कितीला हाय? एक चप्पल पायात घातली आणि थांबले. मला विचारलं, त्याला ठावं हाय? मी नाही म्हटलं. मंग आदी त्याला सांग, म्हणाले, तो ये म्हनला तरच जाऊ, तवर मी हितं बसतो. म्हणून हे पत्र. मी लिहितेय आणि ते अजून ओटीवरच आहेत, दोन्ही चपला घालून.

तुझीच,
कल्पू