उंच सीटवरची आई

प्रिय दादा,

तू इतका मागे लागलास म्हणून काल अखेर नवी एसयूव्ही चालवून पाहिली. आईलाही नेलं होतं. दिवसाआड डायलिसिसला जायचं तिलाच, मग पसंतीही तिचीच हवी.

तू म्हणतोस ते खरं आहे. आपली सेडान थकलीय. चढ आला की एसी बंद करावा लागतो, मागचं एक दार आतून उघडत नाही. नव्या गाडीत सगळं कसं सुरळीत. मागे घेताना समोर पडद्यावर दिसतं. हल्ली माझी मान वळत नाही, तेवढ्यासाठी तरी हो म्हणावंसं वाटलं. पण जुनी गाडी बुटकी आहे, हा तिचा मोठा गुण. आई आधी सीटवर टेकते, मग मी तिचे पाय उचलून आत घेते, झालं. उतरताना मात्र तिला खालून ओढून काढावं लागतं आणि माझ्या कंबरेचे बारा वाजतात. नव्या गाडीत चढवायला शोरूमवाल्याने स्टूल आणलं. तो पुढून, मी मागून. “घोड्यावर बसवताय का रे मला?” आई म्हणाली. तो बिचारा ओशाळून हसला.

गाडी निघाली आणि आई खिडकीबाहेर बघत राहिली. इतकी वर्षं खालच्या सीटवरून तिला पुढच्या गाडीची नंबरप्लेट तेवढी दिसायची. काल कुंपणांपलीकडचं दिसलं. कुणाच्या वाळत घातलेल्या चादरी, शाळेचं मैदान, पोस्टामागचं तळं. तळ्यापाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. शोरूमवाला फोनवर बोलायला खाली उतरला, तेव्हा ती म्हणाली, “आता दवाखान्यात न्यायचं नाही मला. बास झालं.” मी म्हटलं, दमलीस म्हणून असं बोलतेयस. “दमलेय म्हणूनच बोलतेय,” म्हणाली, आणि पुन्हा तळ्याकडे बघत बसली. मला रडू यायला हवं होतं. आधी हायसं वाटलं, दादा, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

आज डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं. तिने त्यांनाही तेच सांगितलं, वर त्यांची विचारपूस केली. डायलिसिस थांबवलं तर फार तर दोनेक आठवडे, असं ते मला बाहेर येऊन म्हणाले. तिला त्रास होऊ नये म्हणून नर्स घरी येत जाईल.

गाडी घ्यायची नाही, हे कळवायला लिहीत नाहीये. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच तिला समजवायला लागला असतास, आणि तुझ्यासाठी ती कबूलही झाली असती. म्हणून लिहून पाठवतेय. वाचून झालं की काय रडायचं ते तिथेच रडून घे आणि निघ. इथे आलास की तिला काही पटवायला जाऊ नकोस. नुसता उशाशी बस, तुझ्या घरचं काहीबाही सांग. तू तिच्याजवळ आहेस म्हटल्यावर मला जरा झोप लागेल.

वाटेकडे डोळे लावून,
तुझीच
धाकटी