आसेगावच्या पाळण्याचं बेरिंग

सोमवार, ५ जानेवारी
यंदा पीएचडी संपवायचीच. फायनल. विषय तोच: फिरत्या यंत्रांतील बिघाडाचे डेटा ॲनालिटिक्सद्वारे पूर्वानुमान. म्हणजे यंत्र मोडण्याआधीच ते कधी मोडणार, हे कम्प्युटरने सांगायचं. मॉडेल तयार आहे. फक्त डेटा नाही. आजवर इंटरनेटवरच्या फुकटच्या डेटावर भागवलं. आज वर्षाराणी मॅडमचा (माझ्या गाइड, अमरावती) फोन. म्हणाल्या, आता एखाद्या खऱ्या यंत्राजवळ जा. मी म्हटलं, पुढच्याच आठवड्यात, मॅडम. त्या म्हणाल्या, हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

फोन ठेवला तर तळहात घामाने ओले. उकडत असावं.

गुरुवार, ८ जानेवारी
यंत्राचा शोध चालू. पिठाची गिरणी: पट्टा उघडा, अंगावर येऊ शकतो. डाळ मिल: मालक तयार, पण मोटारीच्या जवळ उभं राहावं लागेल. मळणीयंत्र: नावही नको.

ही भीती नव्हे. आमच्या रिलायबिलिटी इंजिनिअरिंगमध्ये याला हॅझर्ड ॲनालिसिस म्हणतात. सामान्य माणूस घाबरतो, आम्ही ॲनालिसिस करतो.

धम्मदीपा (बायको, झेडपीच्या शाळेत शिक्षिका) म्हणाली, मिक्सर चालेल का? मिक्सरचं झाकण उडतं.

रविवार, ११ जानेवारी
मिळालं! आसेगावला जत्रा भरते आहे, तिथला आकाशपाळणा. मोठं बेरिंग, हळू फिरणार, आणि खाली उभं राहून काम होईल. मालक सेवालाल. पाळणा अजून सुट्या भागांत जमिनीवर पडलेला होता, त्यामुळे उंचीचा अंदाज आला नाही. सेवालालशी हात मिळवला. म्हणाला, "घ्या ना सर, काय घ्याचं ते घ्या. मले बी समजू द्या माह्या पाळण्याची तब्येत."

मंगळवार, १३ जानेवारी
पाळणा उभा राहिला. एवढा?

सेन्सर आमच्या कॉलेजात नाही, पण फोनमध्ये कंपन मोजायचं ॲप असतं. फोन मधल्या आसाजवळ बांधायला हवा. सेवालाल म्हणाला, माझा माणूस वर चढेल. पण फोन माझा, त्यात बँकेचं ॲप, परक्याच्या हातात कसा द्यायचा? तेव्हा मीच फोन घेऊन पाळण्यात बसायचं ठरलं. कंपन बसल्या जागीही पोहोचतंच. फोन मांडीवर दाबून धरला. ॲप बसल्याबरोबर चालू केलं.

उतरल्यावर सेवालाल म्हणाला, "सर, वरतून त्रिशरण आयकू येत होतं."
सकाळची बुद्धवंदना म्हणायची राहिली होती, असं सांगितलं.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. सगळे तिळगूळ वाटताहेत, मी लॅपटॉपवर. डेटा भरला. आलेख करवतीच्या दात्यांसारखा. बारीक, वेगवान, सलग कंपन. मॉडेल म्हणतं: बेरिंग निकामी होण्याच्या मार्गावर, आठवडाभरात मोडण्याची शक्यता ९१ टक्के.

आनंदाने ओरडलो. मॉडेल चाललं! मग वाक्याचा अर्थ लक्षात आला. पाळणा पडणार. माणसांसकट.

रविवारी जत्रेचा मोठा दिवस.

गुरुवार, १५ जानेवारी
खात्री करायला पुन्हा बसलो. शास्त्रासाठी. दांडी धरायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून फोन मांडीला आवळून बांधला. आता रीडिंग आणखी वाईट. ९६ टक्के. दोन दिवसांत बेरिंगची एवढी घसरण!

सेवालालला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तपासणीचा दाखला काढला, वर चढून आसाला कान लावून पाहिला, ग्रीस दाखवलं. मग म्हणाला, "सर, माह्ये लेकरं बी याच्यातच बसते. असं अभद्र काहून बोलून राह्यले तुमी?" मी आलेख दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. शेवटी म्हणाला, "तुमी लिहून द्या अन् सही करा. आत्ता बंद करतो."

पेन हातात घेतलं. थंडी फार होती. अक्षर येईना. उद्या देतो म्हटलं.

शुक्रवार, १६ जानेवारी
निकाल कळवल्यावर मॅडमनी मूळ डेटा मागवला. त्या चूक म्हणाल्या तर माझं काय? बरोबर म्हणाल्या तर सही करावी लागणार, जत्रा बंद, गाव माझ्या अंगावर. दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. मग आसेगावात नेटवर्क नाही असं मॅडमना कळवलं. व्हॉट्सॲपवर. आलेखाच्या फोटोसकट.

शनिवार, १७ जानेवारी
झोप नाही. डोळा लागला की लोखंडाचा करकरण्याचा आवाज. कुणाच्या तरी चपला जमिनीवर पडलेल्या दिसतात, माणसं दिसत नाहीत. दिवसाही तेच. वर्गात शिकवताना पंखा फिरत होता, पोरांना भिंतीकडे सरकायला सांगितलं.

निश्चय: उद्या आसेगावला जाऊन सही द्यायची. जमलं तर.

घरच्यांना जत्रेत जायची बंदी. आई (लिलाबाई, माझ्याजवळच असते) म्हणाली, काहून? मी म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, "थंडी का आसेगावलेच पडली?"

रविवार, १८ जानेवारी, संध्याकाळ
जे झालं ते लिहितो.

दुपारी आसेगावला पोहोचलो. कागद लिहून खिशात होता, सहीची जागा कोरी. पाळणा भरलेला, फिरत होता. सेवालाल कुठे म्हणून शोधत होतो, आणि वर, अगदी वरच्या पाळण्यात, ओळखीची मोरपंखी साडी. आई. महिला मंडळाच्या बायकांबरोबर आलेली. दोन्ही हात वर करून हसत होती.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. लोक म्हणतात, "थांबवा, तुटणार आहे, बेरिंग गेलं!" सेवालालने घाबरून इंजिन तडकाफडकी बंद केलं. झटक्याने पट्टा निसटला आणि फाटला. पाळणा थांबला. आई वरच.

मग सगळे ओरडू लागले. खालचे आणि वरचेही. एक बाई उतरायला पाय बाहेर टाकत होती, तिला शेजारणीने केसांना धरून आत ओढलं. मी पाहत होतो.

सेवालाल म्हणाला, नवा पट्टा मंगरूळपीरहून येईपर्यंत हाताने ओढून एकेक पाळणा खाली आणू. पण जो रिकामा होईल त्यात दुसऱ्या माणसाने बसायला हवं. नाहीतर जड बाजू एकदम खाली येईल, चाक कुणाला आवरणार नाही. "बसा कोनी! पटापट बसा!"

कुणी बसेना. कसे बसतील? तुटणार म्हणून मीच तर ओरडलो होतो. एक जण म्हणाला, "हे सरच तर सांगून राह्यले, मोडते म्हणून." सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी म्हटलं, मला खालून निरीक्षण करणं आवश्यक आहे.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. "अश्वजित!" बस, एवढंच. हसत नव्हती आता. मला घरात सगळे बापू म्हणतात. पूर्ण नाव तिने शेवटचं घेतलं ते बाबा गेले त्या दिवशी.

मी बसलो. कसा बसलो माहीत नाही. कडी लावायलाही हात वळेना, सेवालालने लावली. मी बसलो म्हणून मग आणखी दोघे-चौघे बसले. पोरांनी दोर ओढला. मी वर जाऊ लागलो, आई खाली येऊ लागली. अर्ध्यावर आमचे पाळणे समोरासमोर आले. ती म्हणाली, "डोये उघड बापू. काई नाही होत."

उघडले नाहीत. पण ऐकलं.

आई उतरली. टाळ्या वाजल्या. सगळे तिला आणि बायकांना घेऊन चहाच्या टपरीकडे गेले. मी वर होतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पट्टा येईपर्यंत वरच होतो. वरून मंगरूळपीर दिसतं म्हणतात. मी खात्री केलेली नाही.

बेरिंग तुटलं नाही. माझा इशारा वेळेवर मिळाल्यामुळे.

सोमवार, १९ जानेवारी
मॅडमना सगळा डेटा पाठवला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. तसं आधीही नव्हतं.

आई सगळ्या गल्लीला सांगते आहे, माह्या पोराने मले वाचवलं. मी खोडून काढत नाही. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. धम्मदीपाने विचारलं, मुळात अडकवलं कोणी? तिला सिस्टीम्सचं ज्ञान नाही.

गुरुवार, २२ जानेवारी
मॅडमचा फोन. उभ्यानेच घेतला.

म्हणाल्या, अश्वजित, पाळणा सुरू होण्याआधीचंही रेकॉर्डिंग यात आहे. पाळणा उभा आहे, इंजिन बंद आहे, तरी कंपन तेच. फोन कुठे बांधला होता?
मी म्हटलं, मांडीला.
मग खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. नंतर त्या अगदी मायेने म्हणाल्या, "हे बेरिंगचं कंपन नाही हो. तुम्ही थरथरत होता."

मी म्हटलं, मॅडम, यावर आणखी संशोधनाची गरज आहे.

फोन ठेवून खुर्चीत बसलो. फोन मांडीवर ठेवला, ॲप लावलं. पाळणा नाही, काही नाही. आलेख तोच. त्या वेळी मी फक्त व्हायवाचा (पीएचडीची तोंडी परीक्षा) विचार करत होतो.

शुक्रवार, २३ जानेवारी
सेवालालची माफी मागायला फोन केला. तो शिरपूर जैनला पोहोचला आहे. भीतीने बेरिंग नवं टाकलं म्हणे. जुनं कापून पाहिलं, आतून चकचकीत होतं. तो म्हणाला, "सर, तुमच्यावर राग नाही. पन आता पाळणा फिरला का माह्येच पाय लटलट करते. याच्यावर काही ॲप हाय का?"

नाही म्हणालो. हे मी खात्रीने सांगू शकलो, बऱ्याच दिवसांनी.

मंगळवार, २७ जानेवारी
चांगली बातमी! माझा डेटा वाया गेला नाही. मॅडमच्या ओळखीच्या एक डॉक्टर अमरावतीला माणसाच्या थरकापावर संशोधन करतात. भीतीतलं इतकं स्वच्छ, नैसर्गिक रेकॉर्डिंग त्यांना आजवर मिळालं नव्हतं म्हणे. पेपरमध्ये घेणार. मी विचारलं, लेखकांत माझा क्रमांक कितवा? मॅडम म्हणाल्या, लेखकांत नाही. तुम्ही नमुना आहात. 'पुरुष, वय एकेचाळीस, वाशिम जिल्हा'. नाव छापत नाहीत.

एकंदरीत पाहता संशोधनात माझं स्थान पक्कं झालं.

उरलेल्या तपासण्यांसाठी शुक्रवारी अमरावतीला बोलावलं आहे. अंगाला तारा लावतात. दुखत नाही म्हणे. लॅब चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे.

आईचंही एसटीचं तिकीट काढलं. तिला अमरावती पाहायची आहे, असं धम्मदीपाला सांगितलं. आईला अजून सांगायचं आहे.