फक्त बोलण्याचा नंबर

ऑफिसातून, ३ तारीख

ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, आणि पुढे लगेच भांडण. ‘फोन उचलत नाहीस’ हे तू आता तिसऱ्या पत्रात लिहिलंस. उचलतो गं! दिवसाला शंभर उचलतो, त्याचाच पगार मिळतो. आईच्या कानात शिटी वाजली ती माझ्या हातून, पण मुद्दाम नाही. आणि आता म्हणे माझा आवाज ऐकल्याशिवाय ती ऑपरेशनला जाणार नाही. डॉक्टरांनी एकवीस तारीख दिलीय, तरी हिचा हट्ट!

नीट ऐक. इथे फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर. घंटा वाजली की मी हॅलो म्हणायचं. कोणी बोललं तर साहेबांना द्यायचा. समोर सगळं गप्प असलं तर कुठून तरी कागद येतोय असं समजून हिरवं बटण दाबायचं. मग मशीन किंचाळतं. आता आपली आई फोनवर कशी, तुला ठाऊकच. समोरचा चार वाक्यं बोलेपर्यंत हिचं तोंड उघडत नाही.

मागच्या महिन्यात एक टायवाला नवीन मशीन विकायला आला. स्वस्तातलं एकाच लाइनवरचं. माणूस आहे की कागद, ते मशीनच आपलं आपण ओळखणार. महागातलं म्हणजे फोनची लाइन वेगळी, फॅक्सची वेगळी. त्याने स्वस्तातलं जोडूनही दाखवलं. साहेब तिकडेच झुकलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, न बोलणारी माणसंपण फोन करतात.”

“मुकी का?” टायवाला हसला.

“चौथीत शाळा सोडली, आणि मला मशीन शिकवतोय,” साहेब म्हणाले.

टायपिस्टबाईंनी मान वर न करता म्हटलं, “मग समोरच्या दुकानातून लावून बघा ना.”

साहेब तरातरा गेले. तीन जिने उतरून दम लागलेला. फोन लावून दोन श्वास घेतात तोच मशीन त्यांच्या कानात किंचाळलं. कान चोळत वर आले.

“दोन लाइन टाका. पण दुसरीचं भाडं कुठून काढू?” माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझी रविवारची हजेरी बंद.”

मी हो म्हटलं.

का म्हटलं ते लिहितो, भावोजींना वाचून दाखवू नकोस. पहिले दोन फोन खरंच कळले नाहीत. तिसऱ्याला कळलं. ती खोकली गं. तळहातात दाबून खोकते ना, तशी. साहेब डोक्यावर उभे, अकराच्या आत करार यायचा होता. “दाब ना, बघतोस काय!” मी दाबलं. आई आहे हे कळून दाबलं. कागद काही आला नाही. साहेब म्हणाले, राँग नंबर असेल. मी त्यालाही हो म्हटलं.

नवीन नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिलाय. तो फक्त बोलण्याचा. वीस तारखेला सकाळी अकराला तिला लावून दे. सांग, काही बोलली नाहीस तरी चालेल, या खेपेला तोच बोलेल. माझं बोलून होईपर्यंत फोन ठेवू देऊ नकोस.

तुझा,
बटण दाबणारा

दर महिन्याचे दोन हजार आता जमणार नाहीत, रविवार गेले. मनिऑर्डर केलीय, बाराशेची.