मा. आणि गोरिलाचे जंत

१० ऑगस्ट १९९६, सकाळी
आमच्या शाळेत सायन्सची समज असलेला माणूस एकच. तो ही रोजनिशी लिहितो आहे. हेडमास्तर चंपतरावांनी शिक्षकदिनी भाषण द्यायला सांगितलं. विषय मी ठरवला: जंगली गोरिलाच्या आतड्यातले रहिवासी. चंपतरावांनी विचारलं, गोरिला हे कुठल्या मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, गाव? कीव आली. पत्रिकेत माझ्या नावामागे 'मा.' छापायचं मात्र कबूल करून घेतलं. नोकरी सरत आली, अजून मेहुण्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा कुणी माननीय म्हटलेलं नाही.

१३ ऑगस्ट
मासिकात वाचलं. गोरिला दिवसभर पाला चघळतो. पचवायचं काम पोटातले सूक्ष्मजीव करतात, छाती हा बडवतो. म्हणजे चंपतराव. शिवाय आत जंत असतात, ते नुसते खातात. म्हणजे आमची स्टाफरूम.
उद्यापासून पहाटे उठून लिखाण.

१७ ऑगस्ट
लिखाण नाही. पोट दुखतं. बायको मथुरा म्हणे, तुमी झोपेत दात खाता, जंत झाले असन, हात धुऊन जेवत जा. ही सातवी नापास! जंत अडाण्यांना होतात.

२१ ऑगस्ट
आदिलाबाद जिल्ह्यात गोरिला मिळत नाही. जिल्ह्याचा दोष. वानर मिळतं. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकाची ताजी विष्ठा सापडली, काडेपेटीत भरली, वर लिहिलं: वानर. मथुरा खवळली. मारुतीले वानर म्हनता? देवाच्या डबीवर असं लिवतेत का? वर म्हणे, तुमचीबी द्या तपासाले, नाई तं भाकर टाकत नाई. भाकरीपुढे विज्ञान वाकलं. माझ्या काडेपेटीवर लिहिलं: मा. हाताला सवय असलेली बरी.

२२ ऑगस्ट
दोन्ही डब्या मथुरेनं फडक्यात बांधून दिल्या. बसनं गुडीहत्नूरची लॅब गाठली. लॅबवाला तेलुगूत 'एवरिदि, एवरिदि' करत राहिला, म्हणजे कुणाचं. गाठोडं टेबलावर ठेवलं आणि निघालो. शास्त्रज्ञानं रिपोर्ट बघायचा असतो, घाण नाही.

२६ ऑगस्ट, दुपारी
रिपोर्ट आला. 'मा.': तीन जातींचे जंत. 'लाल खुणेची डबी': स्वच्छ. रिपोर्ट दोनदा वाचला. चहा घेतल्यावर उलगडा झाला. मथुरेनं 'वानर' खोडून मारुतीचा मा. लिहिला असणार. आणि लाल खूण? कुंकू! मी तिच्या कुंकवाचा धनी, तेव्हा ती डबी माझी. तिला विचारायची गरज नाही. बायकांना विचारून कधी शोध लागले आहेत?
पोट अजून दुखतं. आनंदानं दुखत असावं.

४ सप्टेंबर
पत्रिका आली. 'प्रमुख वक्ते: मा. भगवंतराव.' एक भिंतीला, एक सासऱ्यांना, एक खिशात. भाषण लिहून झालं नाही, पण माझ्यासारख्याला कागद कशाला? जेवणाआधी हात धुण्याचंही ठरवलं. भाषण झालं की.

५ सप्टेंबर
मंडप भरलेला. सांगितलं की वानर हे गोरिलाच्याच भावकीतलं. मग आवाज चढवला. या मा.च्या पोटात तीन जातींचे जंत सापडले! घाणेरडी नखं, गलिच्छ राहणी, मंद बुद्धी, दुसरं काय होणार?
लोकांनी हातातल्या पत्रिका बघितल्या. आधी चंपतराव हसले. मी घाईनं खुलासा केला की मा. म्हणजे मारुती. तशी बायकांच्या रांगेतून मथुरा उठली. काऊन देवाले बट्टा लावून राह्यले? त्याच्या डबीवरचं वानर पुसून म्या शेंदूर लावला होता. मा. तं तुमीच लिवलं ना!
त्यापुढचं भाषण कुणाला ऐकू गेलं नाही. मलाही नाही.

६ सप्टेंबर
शाळेला रजा. गोळी घेतली. जंत पडले. मोजले नाहीत. मथुरेनं मारुतीला नारळ फोडला आणि माझ्यापुढे साबणाची नवी वडी ठेवली. भिंतीवरची पत्रिका मीच काढली. सकाळपासून जो तो दारावरून जाताना विचारतो, मा. घरात आहेत का? शेवटी आतून ओरडून सांगितलं, इथे मा. कुणी राहत नाही, भगवंता राहतो.