आठवी पुरचुंडी

२६ ऑगस्ट १९५९

यंदा मसाल्याची पाळी आमच्या घरावर आली! बयाबाई मघाशी उंबऱ्यात उभ्या राहून सांगून गेल्या. गौरीच्या मटणाचा मसाला वाडीतल्या सातही घरांचा एकच असतो. एका घराने कुटायचा आणि गौर आणायच्या दिवशी सगळ्यांना वाटायचा.

बयाबाई म्हणजे भावकीचे म्होरके मालोजीदादा यांची बायको, बायकांत थोरली. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मसाल्याला हात भरला लागतो गो. नायतर गौर रुसते." भरला हात म्हणजे लेकुरवाळीचा हात. लग्नाला तिसरं वर्ष, दोनदा पोट पडलं, मला समजत नाही असं वाटतं की काय यांना!

मला त्या बाईची भीती वाटते. लिहायला कसली हरकत? वही कणगीमागे असते, आणि वाडीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच. महाडला सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढाच उपयोग.

आत्याबाईंचीही भीती वाटतेच. सासूच ती, वाडीची तुळजाबाई. दिवसभरात दहा शब्द बोलत नाहीत, आणि दहापैकी नऊ म्हशीशी.

२९ ऑगस्ट

सहा घरांचे जिन्नस आले, सातवे आमचे. मिरच्या, धणे, दगडफूल, रामपत्री, मिरी, लवंग-दालचिनी, खसखस — ज्याने त्याने आपल्या फडक्यात बांधून आणलं. ऊन कुठलं या दिवसांत! आत्याबाईंनी सगळ्या पुरचुंड्या चुलीवरच्या आडव्या काठीला टांगल्या. धुरात कोरड्या राहतात.

आणखी एक. श्रावण सरत आला, मी बाहेर बसलेली नाही. आषाढातही नाही. कुणाला सांगितलेलं नाही, यांना मुंबईला पत्रातही नाही. मागच्या दोन्ही वेळी सांगितलं आणि आठ दिवसांत सगळं गेलं.

२ सप्टेंबर

हात भगभगताहेत. मसाला मी कुटला!

आत्याबाईंना पहाटेपासून दमा. माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, छातीचा भाता नुसता चाललेला. आतूनच म्हणाल्या, "तूच कर. सगळ्या पुरचुंड्या उतरव. काय ठेवू नको." एकेक सोडली, तव्यावर भाजली. सात घरांच्या सात, पण काठीला आठ होत्या. आठवीत चपटं पिवळं बी होतं. मिरच्यांची देठं खुडताना पडलेलं बी आत्याबाई वाया घालवत नाहीत, मसाल्यातच टाकतात. तेही भाजून उखळात घातलं.

दुपारपर्यंत मुसळ चाललं. शेजारची शकू चाळायला आली होती. दोघी शिंकून शिंकून बेजार, आणि हसून हसून. बरणी भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, फडकं बांधलं.

३ सप्टेंबर

बयाबाई आल्या. बरणी उघडून वास घेतला. "बरा झालाय," म्हणाल्या. बयाबाईंच्या तोंडून बरा! दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

४ सप्टेंबर

आत्याबाईंचा दमा पुन्हा उसळला. काठीकडे बोट करून म्हणाल्या, "माझी पुरचुंडी दे गो. धोतऱ्याच्या बीची. निखाऱ्यावर टाकून धूर घेते, म्हंजे छाती सुटंल."

काठी रिकामी होती.

मी म्हटलं, बघते. चुलीमागे शोधलं, ट्रंकेत शोधलं, जिथे नसणार तिथेही शोधलं. शेवटी म्हणाल्या, "आसंल कुठंतरी. मीच ठेवलं आसंल दुसरीकडं. ध्यानात राहत नाय."

मीही तेच म्हणते. दुसरीकडे ठेवलं असेल. ते मिरचीचंच बी असेल. असेल ना?

४ सप्टेंबर, पुन्हा

माहेरी, दासगावला, आमच्या आळीत एकाने पोरपणी धोतऱ्याची बोंडं खाल्ली होती. माणसं ओळखेना. हवेतले धागे तोडत होता. दोन दिवसांनी गेला.

सात घरं. मुंबईहून येणारे सगळे. शकूची तीन पोरं.

५ सप्टेंबर

बरणी ओढ्यात ओतावी? पण सहा घरं विचारतील, का? आणि सांगितलं, तर बयाबाई काय म्हणतील ते मला आताच ऐकू येतंय — वांझेने मुद्दाम केलं. दुसऱ्यांची पोरं बघवत नाहीत तिला. हे एकदा वाडीत पसरलं की मी गंगेत न्हाले तरी धुतलं जायचं नाही. यांनाही शंका येईल. दासगावला पोचवतील, आणि पोटातलं कुणाचं हेही विचारतील.

चिमूटभर मसाला भाकरीला लावून कुत्र्याला टाकला. हुंगून शिंकलं आणि निघून गेलं.

६ सप्टेंबर

गणपती आले. बरणी देव्हाऱ्याखालीच आहे.

७ सप्टेंबर

ठरवलं होतं, मीच खाऊन बघायचं. दुसऱ्या कुणाला विचारायलाच नको. काही झालं नाही तर सुटले. झालं तर — तर बाकीची सुटली.

सकाळी आत्याबाई गोठ्यात गेल्यावर बरणी उघडली. भाकरीत चमचाभर मसाला आणि तेल. घास तोंडापर्यंत नेला, आणि मनगट धरलं कुणीतरी. आत्याबाई! कधी आल्या कळलंच नाही.

"तीन दीस बघतेय. जेवत नायस, त्या बरणीभोवती फिरतेस. काय हाय त्यात?"

सगळं सांगितलं. रडत, अर्धं गिळत. त्या उभ्याच. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाल्या, "पुरचुंडी मी तिथं टांगली का नाय, मला खरंच आठवत नाय. बघितल्याबिगर कळायचं नाय." आणि माझ्या हातातला घास घेतला.

मी म्हटलं, "नको हो आत्याबाई! मी खाते, चूक माझी —"

"तुझ्या पोटात हाय ना गो?"

मी हादरलेच. यांना कसं कळलं? म्हणाल्या, "दोन म्हैने तुझं लुगडं बाहेर वाळत नाय. मला डोळं हायत." आणि घास खाल्ला. सावकाश चावून. वर पाणी प्यायल्या आणि जात्याशी जाऊन बसल्या. दळायला काही नव्हतं, नुसत्या बसल्या.

मी समोर बसून आहे. अजून काही नाही. देवा, काही होऊ देऊ नकोस. मिरचीचं बी असू दे.

७ सप्टेंबर, दुपार

तोंड कोरडं पडतंय म्हणतात. तिसरा तांब्या.

८ सप्टेंबर

आत्ता कुठे हातात लेखणी धरवते.

काल पाण्यामागून पाणी मागू लागल्या. चेहरा लाल, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळांचा रंगच दिसेना. मग दाराकडे बघून हसल्या, सासऱ्यांशी बोलू लागल्या — ते जाऊन नऊ वर्षं झाली! "पाय धुवा, भात वाढते," म्हणाल्या. मग गोधडीवरचे नसलेले धागे वेचायला लागल्या. ते बघितलं आणि मी किंचाळले.

शकू धावली, तिच्या मागे सगळी वाडी. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. शकूचा नवरा भर पावसात पोलादपूरला पळाला, पण ओढ्याला पाणी, म्हणून डॉक्टर आज सकाळी पोचले. म्हणाले, धोतराच. थोडा होता म्हणून वाचल्या, आणखी एक घास असता तर सांगता आलं नसतं.

वाचल्या! हे दहादा लिहावंसं वाटतं.

पण उघडी बरणी आणि मसाला लावलेली भाकरी तिथेच होती, सगळे तिकडे बघत होते. बयाबाई माझ्याकडे. "मसाला कुणी कुटला गो?"

खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या, "मी. डोळ्यांना दिसत नाय आता. माझीच पुरचुंडी माझ्याच हातानं टाकली." शकूला ठाऊक आहे कुणी कुटला ते. तिने मान खाली घातली.

आणि मी गप्प राहिले.

९ सप्टेंबर

हे मुंबईहून आले. गौर आली. मसाला खड्डा करून पुरला. यांनी आत्याबाईंना विचारलं, "आई, असं कसं केलंस गं? पोरंबाळं मेली असती." त्या म्हणाल्या, "म्हातारी झाले रे." मी चहा गाळत होते. अर्धा खाली सांडला.

वाडीतल्या पोरी आता आमच्या दाराशी थांबत नाहीत. आया हाका मारतात, "इकडं ये गो, तिथं नको जाऊ!" आत्याबाईंना ऐकू येतं. चाळीस वर्षं सगळ्यांच्या मसाल्याला मीठ किती, मिरची किती, हे त्यांना विचारत आले होते सगळे.

सुटले मी. आणि झोप नाही, अन्न नाही. शिक्षा कुणी दिली नाही तरी अशी होते होय?

१० सप्टेंबर. गौरीपूजन

गणपतीपुढे पडदा ओढून गौरीला मटणाचा नैवेद्य दाखवला, नुसत्या हळद-मिठातला. मग सगळी भावकी आमच्या पडवीत बसली. मालोजीदादा म्हणाले, तुळजाबाईच्या हातचं यापुढं कुणी खायचं नाय. आत्याबाई खाली बघत होत्या.

मी मधे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्यांनी नाही. मसाला मी कुटला, धोतरा माझ्या हातून पडला. त्यांनी माझ्या हातातला घास काढून घेतला, कारण मला दिवस गेलेत." आत्याबाई ओरडल्या, "गप गो!" पण सगळं बोलून झालं होतं.

हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग मालोजीदादा म्हणाले, "तर मग हिच्या हातचं खायचं नाय. पानीबी नाय." बयाबाईंनी मान डोलावली.

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "सकाळपासून च्या नाय प्याले मी. टाक गो."

टाकला. तिथेच बसून, सगळ्यांदेखत, बशी भरभरून प्यायल्या.