क्रॉसली साहेब रजेवर असताना

शॉमबर्ग
२७ सप्टेंबर २०२५

प्रिय सुलेखाताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? नागपूरचं ऊन आता जरा उतरलं असेल. सुहासिनीताईंची खोली आवरायला घेतलीस की अजून दार लोटूनच ठेवतेस? घाई करू नकोस. माणूस गेल्यावर त्याच्या कपाटाला हात लावायला वर्ष लागलं तरी चालतं.

तू ई-मेल उघडत नाहीस आणि फोनवर आपण दोघी हवापाण्यापलीकडे जात नाही, म्हणून सरळ कागद घेतला. अनया म्हणाली, "आई, जस्ट टेक्स्ट हर!" मी म्हटलं, मावशीला कागद लागतो. "सो व्हिंटेज," म्हणाली आणि चिप्सची पिशवी घेऊन वर गेली. पंधरा वर्षांची झाली गं ही. विवेकला ऑगस्टमध्ये नोकरी लागली. आठवड्यातून तीन दिवस शिकागोत जावं लागतं म्हणून कुरकुर करतो. पण सात महिने घरात बसून त्याने जी भांडी विसळली, त्या मानाने ही कुरकुर गोड वाटते.

आपल्या हर्बेरियममध्ये, त्या वाळक्या रोपांच्या कपाटांत, थंडी तशीच आहे. तुझी करडी शाल अजून खुर्चीवर आहे. पाठवू का विचारायचं राहून गेलं.

आता खरी बातमी. तुझ्या रजिस्टरचा उपयोग मला परवा कळला, खरंच कळला. अकरा वर्षं तू इंग्रजांच्या त्या जंगल खात्याची आणि सरकारी बागांची जुनी छापील पानं चाळत होतीस. कोणत्या साहेबाची नेमणूक कधी, बदली कुठे, कोण रजेवर, कोण निवृत्त. मला वाटायचं, मेलेल्या साहेबांच्या बदल्यांचं काय करायचंय आपल्याला? तू म्हणायचीस, "साहेब कधी कुठे होता हे कळलं, की झाड कुणी तोडलं ते कळेल."

तर शंभर वर्षांपूर्वी हर्बेरियमांच्या अदलाबदलीत इकडे आलेल्या, रोपं डकवलेल्या आपल्या शीटांमध्ये एच. ए. क्रॉसलीची सदतीस शीटं आहेत. सगळी आंबोली घाटातली, सगळ्यांवर १८९७चे जुलै-ऑगस्ट. त्यात ते कंदीलपुष्प आहे, अजून जांभळट दिसणारं. सगळ्यांवर साहेबाच्या वळणदार अक्षरात 'गोळा करणारा: क्रॉसली'. आणि तुझ्या रजिस्टरमध्ये क्रॉसली साहेब एप्रिल १८९७ ते जानेवारी १८९८ विलायतेला, रजेवर!

मी खुर्चीतच उडाले. मग पुढची मूळ छापील पानं पाहिली. नोव्हेंबर १८९७, बदल्यांच्या यादीतली अगदी शेवटची ओळ: 'रोपं गोळा करणारा देशी नोकर धाकू गावडे याची तात्पुरती जागा रद्द करण्यात आली आहे.' बस, एवढंच. साहेब परत येईपर्यंत धाकू नव्हता, त्याने वाळवलेली रोपं होती. साहेबाने बसून लेबलं लिहिली.

तुला सांगावंसं वाटलं. बाकी ऑफिसात ठीक आहे. रजिस्टर जानेवारीत वेबसाइटवर चढणार. आपली बॉस डेबोरा खूश आहे. बाकी विशेष काही नाही.

तुझी,
रेणू


नागपूर
१८ ऑक्टोबर २०२५

चि. रेणू,

अनेक आशीर्वाद. अगं बाप्पा, पत्र! पोस्टमन खाली उभा राहून विचारत होता, "मॅडम, अमेरिकेहून कोण लिहितं आता?" मी म्हटलं, माझी मानलेली धाकटी बहीण. एक गेली, एक आहे.

क्रॉसलीच्या रजेचं मला चार वर्षांपूर्वीच दिसलं होतं. पेन्सिलने फुली केली आहे बघ त्या पानावर. पण धाकूची ओळ माझ्या नजरेतून सुटली. शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतं! शाब्बास. आता एक कर. सदतीसही शीटं भिंगाखाली घे आणि दोरा बघ. क्रॉसली स्वतः कागदाच्या पट्ट्या चिकटवायचा. या शीटांवर रोप दोऱ्याने शिवलेलं असेल आणि गाठ मागच्या बाजूला, दुहेरी. तशी असेल तर एकाच हाताची आहेत सगळी. मग प्रत्येकावर नवी चिठ्ठी लाव. जुनी काढू नकोस हो! तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आठवतं? चुकीची असली तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी तिच्या शेजारी चिकटवायची. म्हणजे शंभर वर्षांनी येणाऱ्याला दिसेल की आधी कोण चुकलं आणि नंतर कुणी सुधारलं.

शाल राहू दे. तुला थंडी वाजते.

रजिस्टर वेबसाइटवर चढतंय, ऐकून बरं वाटलं. त्यावर नाव काय घालणार आहेत? डेबोराने मला काही कळवलं नाही. माझं घातलं तर खाली तुझंही घाल, लाजू नकोस. शेवटची दोन वर्षं स्कॅन तूच केलेस की.

आणि एक. तुझ्या पत्रात तू कुठे तरी आखडून बसल्यासारखी वाटलीस. माझी जागा गेली त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी चौसष्ट वर्षांची, त्यात चार महिने रजेवर. कुणाला तरी काढायचंच होतं. तू माझ्यासाठी भांडली असशील, हे न सांगताही मला ठाऊक आहे.

विवेकरावांना आणि अनयाला आशीर्वाद. संत्र्याची बर्फी पाठवायची होती, पण कुरियरवाला म्हणतो, खाण्याचं घेत नाही.

तुझी,
सुलेखाताई


शॉमबर्ग
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुलेखाताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. मी ते पर्समध्ये घेऊन फिरते आहे. गाडी पार्क केली की काढून वाचते आणि परत ठेवते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे मला एकदाही नीट जाता आलेलं नाही.

गाठी पाहिल्या. सदतीसही दुहेरी. जूनमध्ये टेबल आवरताना तू माझ्या गळ्यात घातलेल्या तुझ्या भिंगाखालीच पाहिल्या.

मी भांडले नाही, ताई.

हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले, म्हणून आता न थांबता पुढचं लिहिते.

मार्चमध्ये डेबोराने सगळ्यांना एक तक्ता पाठवला होता. कोण काय काम करतं, ते भरायचं. दोघींतली एक जागा जाणार, हे तिने मला कॉफी घेताना सांगितलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू नागपुरात सुहासिनीताईंच्या उशाशी होतीस. मी तुला फोन केला. आठवतं का? तू दवाखान्याच्या जिन्यात उभी होतीस, मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं. मी म्हटलं, "एक फॉर्म आहे, तू तिकडचं बघ, तुझाही मी भरते." तू म्हणालीस, "भर गं बाई, तुला सगळं माहीतच आहे."

मला सगळं माहीत होतं. तक्त्यात एक ओळ होती: बदल्यांचं रजिस्टर. पुढे रकाना होता, 'सध्या हे काम कोण करतं'. मी माझं नाव लिहिलं. तुझ्या नावापुढे लिहिलं, 'रजेवर'. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणून तर मी ते सहज लिहू शकले. त्या आठवड्यात स्कॅन मीच करत होते, तू रजेवरच होतीस. अकरा वर्षांबद्दल तक्त्यात विचारलेलंच नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. एप्रिलमध्ये डेबोरा मला म्हणाली, "आय हॅड नो आयडिया रजिस्टर तू केलंस!" मी हसले. नाही म्हणाले नाही.

विवेकची नोकरी जानेवारीत गेली होती. आम्ही तिघं माझ्या व्हिसावर होतो, माझी जागा गेली असती तर साठ दिवसांत अनयाची शाळा, घर, सगळं गुंडाळून देश सोडावा लागला असता. तू इथली नागरिक आहेस, दोन वर्षांनी निवृत्त होणार होतीस, बहिणीजवळ राहायचं तुझ्या मनातही होतं. हे सगळं मी तेव्हा स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते मला पाठ झालं. आजही मी ते तुझ्यापुढे मांडते आहे, म्हणजे बघ, अजून सोडत नाही. पण एवढं सगळं खरं असतं तर मी तुला त्याच फोनवर विचारलं असतं, "ताई, माझ्यासाठी सोडशील का ही जागा?" आणि तू बहुधा सोडली असतीस. तेच मला सगळ्यात जास्त छळतं. मागितलं असतं तर मिळालं असतं. मी मागितलं नाही, घेतलं.

जूनमध्ये तू टेबल आवरायला आलीस तेव्हा मी तुझी खोकी टेपने बंद केली. तू समोसे आणलेस, स्वतःच्या निरोपाचे. तुला ऑफिसाने दिलेल्या कागदावर 'जागा रद्द' असे शब्द होते. धाकू गावडेच्या ओळीत तेच शब्द दिसले तेव्हा मी खुर्चीत उडाले असं तुला लिहिलं ना? उडाले नव्हते. बराच वेळ हललेच नव्हते. तू रजेवर असताना साहेब मीच झाले, हे मला त्या पानावर छापल्यासारखं दिसलं. फक्त इथे उलटं होतं: तिथे रजेवर गेलेल्याचं नाव राहिलं, इथे रजेवर गेलेलीचं गेलं.

विवेकला सांगितलं. त्याला मार्चपासून अर्धवट ठाऊक होतंच. म्हणाला, "झालं ते झालं यार. ताई तिथे मजेत आहेत. आणि जानेवारीत तुझ्या ऑफिसातून ग्रीन कार्डचं फाइल होणार आहे, आत्ता कशाला उकरतेस?" मी म्हटलं, ताईने विचारलंय, नावाचं काय करणार म्हणून. "मग लिही की दोघींची." मी म्हटलं, ते मी लिहून उपयोग नाही, का लिहिलं नव्हतं ते सांगावं लागेल. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "चहा टाकू?" त्याचं हो म्हणणं असंच असतं.

गुरुवारी डेबोराच्या खोलीत गेले. तुझं रजिस्टर घेऊन गेले, कापडी पाठीचं, पहिलं. तुझं अक्षर, तुझ्या फुल्या, २०१४पासूनच्या तारखा. तिने पानं उलटली. फार वेळ लागला नाही तिला. "हे सगळं तिचं?" हो म्हटलं. "अँड यू न्यू?" हो म्हटलं. मग ती आवाज न चढवता म्हणाली, "रेणू, त्या तक्त्यावरून मी निर्णय घेतला होता." मी म्हटलं, ठाऊक आहे. ती म्हणाली, ती जागा आता नाही, मी परत आणू शकत नाही. तेही मला ठाऊक होतं. मग म्हणाली की मला जानेवारीत जी बढती द्यायची होती ती थांबेल, आणि एचआरला तिला कळवावंच लागेल. पुढचं काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

रजिस्टर सुलेखा पाटणकर या नावाने जाईल. खाली 'स्कॅन: रेणू' एवढंच. तू म्हणाली होतीस, माझंही घाल. हे तुझ्या शब्दाखातर ठेवलं, नाही तर तेही नको होतं.

पण एक गोष्ट राहते. डेटाबेसमध्ये आधी माझं नाव चढलेलं होतं. ते पुसता येतं का, असं मी संगणकवाल्या आर्यला विचारलं. तो म्हणाला, "जुनी नोंद राहते, काकू. तारखेसकट. कोणी बदललं, का बदललं, सगळं दिसतं." कारणाच्या चौकोनात तो काहीतरी साधं टाकणार होता. मी म्हटलं, थांब, मी लिहिते. लिहिलं: 'काम पाटणकर यांचं. रेणूने त्या रजेवर असताना आपल्या नावावर लावलं होतं.' त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. तुझाच नियम आहे, ताई. जुनी चिठ्ठी काढायची नाही.

काल सदतीस चिठ्ठ्या लिहायला बसले. शाल पांघरली होती, थंडी होती खरंच. पहिली कंदीलपुष्पावर लावली, क्रॉसलीच्या लेबलाशेजारी: 'गोळा करणारा: धाकू गावडे. आधार: सुलेखा पाटणकर यांचं रजिस्टर.' चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव खाली घालावं लागतं, म्हणून माझं घातलं. पहिल्यांदाच माझं नाव योग्य जागी बसलं असं वाटलं, अगदी तळाला, बारीक.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझ्या हाती एवढं एकच उरलं आहे. तेही मी आपण होऊन मागावं, असं नको. भिंग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कालपासून गळ्यात घातलेलं नाही. ते माझ्याकडे राहावं की तुझ्याकडे यावं, ते तू कळव. काही कळवलं नाहीस, तर त्याचाही अर्थ मी समजेन.

गुडघ्याला शेक देत जा. सुहासिनीताईंची खोली उघडायची झाली तर एकटी उघडू नकोस, शेजारच्या कुणाला तरी सोबत घे. हे सांगायचा हक्क मला राहिला आहे का, माहीत नाही, तरी सांगते.

मागच्या पत्रात खाली 'तुझी' लिहिलं होतं. ते खोडत नाही. शेजारी हे लिहिते,

जिने भांडायला हवं होतं ती,
रेणू